गायकाविना सॉन्गफेस्टिवल, साडेसतरा युरो, खांदे फुकट

घरात टीव्ही आहे. युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्याची स्पर्धा, त्यावर फुकट दिसतं. सोफा आपला, चहा आपला, बाथरूमला जायला पन्नास सेंट पडत नाहीत. असं असताना ११ मे २०२४ च्या रात्री मी साडेसतरा युरो मोजून हॉलंडमधल्या उट्रेख्तला आमच्या गल्लीच्या टोकावरच्या कॅफेत 'सॉन्गफेस्टिवल' (युरोव्हिजनचं इथलं नाव) बघायला गेले, आणि ज्याच्यासाठी गेले तो गायक त्या रात्री गायलाच नाही. म्हणून हा रिव्ह्यू. कॅफेचं नाव लिहीत नाही, कारण मालक रोज सकाळी समोर दिसतो आणि मी घरी नसताना माझी पार्सलं तोच ठेवून घेतो.

आधी माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. सवय घरीही सुटत नाही, नवऱ्याला विचारा. त्या रात्री तो घरीच होता, मुलीला झोपवायची पाळी त्याची होती. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

एप्रिलमध्ये कॅफेच्या दारावर निळा कागद लागला. फायनलची रात्र, मोठा पडदा, पहिलं पेय, बिटरबालनची प्लेट, गुण लिहायचं कार्ड आणि 'निळे खांदे', सगळं मिळून साडेसतरा. मी फक्त खांद्यांसाठी नाव नोंदवलं हे कबूल करते.

खांद्यांचं कारण योस्ट क्लाईन. उत्तरेकडच्या फ्रिसलँड प्रांतातला मुलगा, जन्म १९९७ चा, पोरवयात यूट्यूबवर नाव काढलेला, बोलता बोलता रॅप करणारा. इथे युरोव्हिजनसाठी देशभर निवड-स्पर्धा होत नाही. आव्ह्रोट्रोस नावाची प्रसारण संस्था आपल्या खोलीत बसून ठरवते आणि जाहीर करते, मग देश वर्तमानपत्रांतून भांडतो. २०२४ साठी तिने योस्टला निवडलं. त्याचं 'यूरोपापा' हे गाणं म्हणजे नव्वदीतलं रॉटरडॅमचं गाबर संगीत: पत्र्यावर हातोडा घालावा तसा ठेका, मिनिटाला दीडशेच्या वर ठोके. अंगात निळाशार सूट आणि त्याला असे खांदे की त्यावर दोन कुंड्या ठेवता येतील. सोबत स्टेजवर माणसाएवढा निळा पक्षी. तो का, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारणंही सोडलं आहे.

आता हे कुठल्या देशातून आलं ते बघा. इथली लाडकी म्हण आहे, 'नेहमीसारखं वाग, तेवढा वेडेपणा पुरे.' पडदे न लावता राहणारी, वाढदिवसाला पाहुण्याला केकचा एकच तुकडा देणारी, दोन आठवडे आधी वेळ ठरवून शेजाऱ्याकडे कॉफीला जाणारी ही माणसं. त्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून पक्षीवाला पाठवला, आणि बघता बघता शाळेतली पोरं, बसचा ड्रायव्हर, माझा अत्यंत मोजकं बोलणारा मॅनेजर, सगळे ते गाणं गुणगुणायला लागले. ठेक्याला मी आधी नाक मुरडलं होतं. मग शेवट ऐकला. धडाधड चाललेला ठेका थांबतो आणि तो हळू आवाजात वडिलांशी बोलतो. वडील त्याच्या बाराव्या वर्षी गेले, आई त्याच्या पुढच्या वर्षी. गाण्याच्या नावातला 'पापा' तो आहे. त्यानंतर मी नाक सरळ केलं.

माझ्याबरोबर खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई होत्या. वय सत्तरच्या पुढे. पहिल्या दिवसापासून त्या मला बजावतात की मला 'तू' म्हण, 'तुम्ही' म्हटलंस की म्हातारी झाल्यासारखं वाटतं. डचमध्ये मी 'तू' म्हणते. मराठीत लिहिताना मात्र हात वळत नाही, तेव्हा इथे त्या अहो-जाहोच राहतील. त्यांना युरोव्हिजन तोंडपाठ आहे. १९५६ मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिलं गाणं हॉलंडच्या येट्टी पार्लने म्हटलं, तेही हॉलंडच्या पक्ष्यांवर, हे त्या अशा सांगतात जणू त्यांनीच तिला स्टेजवर ढकललं होतं. म्हणजे पक्षी ही इथली जुनीच आवड म्हणायची.

त्यांची आवडती गोष्ट कॉरी ब्रोकनची. बाई १९५७ मध्ये जिंकली, हॉलंडचा पहिला विजय. पुढच्याच वर्षी स्पर्धा घरच्या अंगणात, हिल्वरसमला. तीच बाई पुन्हा उभी राहिली आणि एक गुण मिळवून तळाला गेली. नंतर तिने गाणं सोडलं, कायदा शिकली आणि चक्क न्यायाधीश झाली. "तिने बरोबर केलं," शेजारीणबाई म्हणतात. "ज्युरीचा अनुभव तिला होताच."

गुरुवारी, ९ मेला, स्वीडनमधल्या माल्मोला स्पर्धेची दुसरी सेमीफायनल झाली. त्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती, त्यामुळे अख्खी गल्ली घरात. योस्ट फायनलमध्ये गेला. शुक्रवारी रात्री तर हॉलंडच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला, खरोखरचा, गुलाबी-जांभळा. आम्ही गल्लीभर लोक नाइटड्रेसवर रस्त्यात उभे राहून वर फोन धरून होतो. शेजारीणबाई म्हणाल्या, हा शकुन आहे. कसला ते शनिवारी दुपारी कळलं.

योस्टला स्पर्धेतून काढलं. गुरुवारच्या सादरीकरणानंतर निर्मिती-पथकातल्या एका महिलेने त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती, स्वीडिश पोलिसांचा तपास चालू होता, आणि तो चालू असताना त्याने स्पर्धेत राहणं योग्य नाही असं स्पर्धा भरवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने ठरवलं. आव्ह्रोट्रोसचं म्हणणं, ही शिक्षा प्रमाणाबाहेर आहे. (ऑगस्टमध्ये स्वीडनच्या सरकारी वकिलांनी पुराव्याअभावी प्रकरण बंद केलं, पण तो ऑगस्ट होता.) मी तिथे नव्हते. आमच्या कॅफेतलंही कुणी नव्हतं. तरी त्या संध्याकाळी प्रत्येकाकडे त्या प्रसंगाचं हातवाऱ्यांसकट वर्णन होतं.

स्पर्धा सुरू झाल्यावर बाहेर काढला गेलेला हा पहिलाच गायक. शेजारीणबाईंनी बोटं मोजली. "पाचदा जिंकलो. बासष्ट-त्रेसष्टला लागोपाठ शून्य आणलं. दोन हजार पाचपासून आठ वर्षं फायनलचं तोंड बघितलं नाही. एवढंच राहिलं होतं."

कॅफेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी मालकाचा मेसेज आला, तो जसाच्या तसा मराठीत देते: 'कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. पैसे परत मिळणार नाहीत. खांदे तयार आहेत.'

आता सेवेकडे येते.

खांदे मालकाच्या मुलीने कॅम्पिंगला नेतात त्या निळ्या फोमच्या गादीतून कापले होते. काम नेटकं. एकेक खांदा चांगला हातभर लांब, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने शर्टाला अडकवायचा. पण खुर्च्या मांडताना माणसं मोजली होती, खांदे मोजले नव्हते. चाळीस जण खांदे लावून बसायला गेले तेव्हा अठरावा माणूस बसेपर्यंत कॅफे भरला. ही चूक माझ्या ऑफिसात पहिल्या तासात पकडली गेली असती. दोन भाग वेगवेगळे चालतात, एकत्र आणले की आपटतात, हे आमचं रोजचं आहे.

मग काय झालं, तर बैठक झाली. हॉलंडमध्ये समुद्र अडवायचा असो की खुर्च्या सरकवायच्या असोत, आधी सगळ्यांचं ऐकून घेतात, त्याला पोल्डर मॉडेल म्हणतात. एकाने सुचवलं, अर्ध्यांनी उभं राहावं. एक म्हणाला, तिरकं बसू. दहा मिनिटांनी एकमताने ठरलं की माणशी एकच खांदा. डाव्या भिंतीकडच्यांनी डावा लावायचा, उजवीकडच्यांनी उजवा. मधल्यांना पर्याय. मी मधली होते, मी डावा घेतला. तो पहिल्या पंधरा मिनिटांत मोहरीच्या सॉसच्या वाटीत पडला.

मोहरी बिटरबालनबरोबरची. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते: सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान असा तळलेला गोळा, वरून कुरकुरीत, आत मांसाचं दाट सारण. बाहेरचं गार झालं तरी आतलं भट्टीतून काढल्यासारखं असतं. नवखा माणूस ओळखायची इथली ही खात्रीची खूण आहे: तो अख्खा तोंडात टाकतो आणि मग दिव्याकडे बघत बसतो. इथले चांगले होते, गरम आणि भरपूर सारण असलेले. पण प्लेटीत आठ आणि टेबलाला तीन माणसं. तिसरा एक रेल्वेतला तिकीट तपासनीस होता. त्याने उरलेल्या दोन गोळ्यांचे सुरीने तीन समान भाग करायचा प्रयत्न केला. गोल वस्तूंचं ते जमत नाही. पाहायला मात्र मजा येते. जादा मोहरी पन्नास सेंट. ती मागितली की लगेच मालकाच्या फोनवरून टिक्की येते. टिक्की म्हणजे खायची नव्हे. मलाही पहिल्या महिन्यात तसंच वाटलं होतं आणि मी 'पाठवा' म्हणाले होते. टिक्की म्हणजे पैसे मागणारी लिंक. या देशात मैत्री, प्रेम, लग्न, घटस्फोट सगळ्यांतून ती जाते.

पडदा मोठा होता, दारावर लिहिल्याप्रमाणे. मधोमध उभी घडी होती. पेट्रा मेडे आणि मालिन ओकरमन या दोघी निवेदिका शेजारी उभ्या राहिल्या की त्यांच्यात दरी पडायची. आवाज ठीक. बाथरूम तळघरात, जिना डच, म्हणजे शिडीच.

कार्डाला मात्र पूर्ण गुण. छापील, जाड कागद, सव्वीस ओळी, रकाने तीन: गाणं, कपडे, वेडेपणा. कार्डं आधीच छापून आली होती, त्यामुळे पाचव्या ओळीत नेदरलँड्स, म्हणजे हॉलंडच, होतं. मालकाने दुपारी बसून चाळीसच्या चाळीस कार्डांवर ती ओळ खोडली होती. पट्टी लावून, सरळ, एकाच जाडीची रेघ. मी माझं आणि तिकीट तपासनिसाचं कार्ड एकावर एक धरून उजेडात पाहिलं. रेघा जुळत होत्या.

नऊ वाजता सुरू झालं. यजमान स्वीडन, मग युक्रेन, जर्मनी, मग एकतीस वर्षांनी परतलेलं लक्झेम्बर्ग. आयोजकांनी क्रमांक बदलले नव्हते. चारानंतर थेट सहा येणार, मध्ये काहीच नाही. चौथं गाणं संपलं आणि मालक उठला, लॅपटॉपपाशी गेला आणि त्याने प्रक्षेपण थांबवलं. पडदा एका टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकावर गोठला. कॅफेत कुजबुज. मालक स्वभावाने भाषण करणारा नाही. तो म्हणाला, "पाच नंबर. तीन मिनिटं." आणि त्याने यूरोपापा लावलं.

युरोव्हिजनमध्ये गाणं तीन मिनिटांपेक्षा मोठं चालत नाही, स्टेजवर सहापेक्षा जास्त माणसं चालत नाहीत. आम्ही दुसरा नियम चाळीस जणांनी मिळून मोडला. एकेका खांद्याची चाळीस माणसं जुन्या लाकडी फरशीवर उड्या मारत होती आणि बारमागचे ग्लास किणकिणत होते. तिकीट तपासनिसाने हातांनी पंख केले, म्हणजे निळा पक्षी आमच्याच टेबलाला मिळाला. ठेका तुटला तशी मंडळी थांबली. शेवटचं ते हळू बोलणं चाललं होतं तेव्हा मी शेजारीणबाईंकडे पाहिलं. त्यांच्या एका हातात माझी मोहरीची वाटी होती, दुसरा हात खांद्याच्या फोमवर, तो पडू नये म्हणून घट्ट धरलेला. त्या वाटीत बघत होत्या. गाणं संपलं. कुणी टाळी वाजवली नाही. मालकाने प्रक्षेपण थांबवलं होतं तिथून पुन्हा सुरू केलं आणि गोठलेल्या प्रेक्षकाने टाळी पूर्ण केली.

आणि इथे या सेवेतला सगळ्यात मोठा दोष सुरू झाला. त्या क्षणापासून आमचा कॅफे उरलेल्या युरोपच्या तीन मिनिटं मागे पडला.

मी मालकाला जाऊन सांगितलं की एक बटण दाबलं की आपण थेट प्रक्षेपणावर येऊ. तो म्हणाला, मग मधली तीन मिनिटं बघायची राहतील. लोकांनी सव्वीसचे पैसे दिलेत, एक आधीच गेलंय. मी म्हटलं, पण आपण मागे आहोत. तो म्हणाला, "घाई कुणाला आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकीट तपासनीस म्हणाला, रेल्वेत पाच मिनिटांपर्यंतचा उशीर आम्ही धरतच नाही.

रस्त्यापलीकडच्या बारमध्ये साधा केबल टीव्ही. तिथून आरडाओरडा आला की आम्हाला कळायचं, तीन मिनिटांनी काहीतरी होणार आहे. भविष्य ऐकू येत होतं, फक्त अर्थ लागत नव्हता. एकदा पलीकडे हास्याचा असा स्फोट झाला की आम्ही सगळे सावरून बसलो. निघाला तो फिनलंडचा. त्यांचा गायक जीन्सच्या कापडाच्या मोठ्या अंड्यातून बाहेर आला तो पँट न घालता, आणि गाणंभर कॅमेऱ्यासमोर काहीतरी आडवं येत राहिलं. शेवटी वरून चड्डी अवतरली, तीही फुलबाज्या उडवत. नाव विंडोज नाइन्टीफाइव्हमॅन. धंद्यातली माणूस म्हणून सांगते, इन्स्टॉलेशन अपुरं ठेवून प्रॉडक्ट बाजारात आणणं त्या नावाला साजेसंच होतं. वेडेपणाच्या रकान्यात दहापैकी दहा. कपड्यांच्या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न आमच्या टेबलावर सुटला नाही.

क्रोएशियाचं गाणं माझ्या काळजात घुसलं, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही. गायकाचं नाव बेबी लझान्या, ठेका धांगडधिंग्याचा, आणि विषय काय, तर पोरगा गाय विकून, आईचा निरोप घेऊन गाव सोडतोय. मी गाय विकली नव्हती, स्कूटर विकली होती. शेजारीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आपल्या कार्डावर क्रोएशियाला दहा, दहा, दहा लिहिले. मग पाकिटातून एक युरो काढून टेबलावर ठेवला. पैज. तपासनीस स्वित्झर्लंडवर.

गाणी संपून मतदान सुरू झालं तेव्हा नेहमीचा विषय निघाला: आपलं नशीबच फुटकं. २०२१ मध्ये रॉटरडॅमला घरच्या स्टेजवर झांगू माक्रॉय गायला. सुरीनामचा मुलगा, गाण्यात तिथल्या स्रानन टोंगो भाषेतली ओळ, 'मला मोडता येणार नाही' अशा अर्थाची. युरोपभर लोकांना त्यात ब्रोकोली ऐकू आली. गंभीर, सुरेख गाणं, आणि फोन करणाऱ्या युरोपने दिलं शून्य. ज्युरींचे अकरा गुण, तेवढेच. त्याच्या आधी २०१६ मध्ये डाउवे बॉबने 'सावकाश घ्या' असं सांगणारं गाणं म्हणता म्हणता मध्ये चक्क काही सेकंद गप्प उभं राहून दाखवलं. अकरावा आला. मला तर वाटतं डच माणसाने युरोव्हिजनमध्ये केलेली ही सगळ्यात डच गोष्ट. डंकन लॉरेन्स २०१९ मध्ये जिंकला तेव्हा मागच्या विजयाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. शेजारीणबाईंना तो मागचाही आठवतो, १९७५ चा, टीच-इन या बँडचा. तेव्हा हॉलंडचं गाणं रात्रीचं पहिलं होतं आणि पहिल्या पसंतीला बारा गुण द्यायची पद्धतही त्याच वर्षी सुरू झाली. "पहिल्यांदा गायचं आणि जिंकायचं," त्या म्हणाल्या. "उगाच कुणाला ताटकळत ठेवायचं नाही."

मग पलीकडून आरोळ्या आल्या. हास्य नव्हे, शिट्ट्या आणि हुर्यो. दोघे-तिघे खिडकीशी गेले, मारामारी झाली की काय बघायला. तीन मिनिटांनी आम्हाला कारण दिसलं. हॉलंडच्या ज्युरीचे गुण वाचायला यूट्यूबवर मेकअप शिकवणारी निकी दे यागर येणार होती, तिने नकार दिला. तिच्या जागी स्पर्धेचे प्रमुख मार्टिन ऑस्टरडाल स्वतः वाचू लागले आणि माल्मोच्या हॉलमध्ये असा गोंधळ उठला की आकडे ऐकू येईनात. आमच्या कॅफेतही उठला. माझी सर्वांत सभ्य शेजारीण दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवू शकते हे मला त्या रात्री कळलं. आणि एक सांगायलाच हवं: ज्यांनी फेब्रुवारीत 'हे काय गाणं झालं का' म्हणून पत्रं लिहिली असती, तेच सगळे आता आपल्या घरातलं पोर बाहेर उभं केल्यासारखे पेटले होते.

शेवट आला. ज्युरीत स्वित्झर्लंड पुढे, फोनवर क्रोएशिया जोरात, शेजारीणबाई खुर्चीच्या टोकावर. तेवढ्यात माझा फोन थरथरला. नवऱ्याचा मेसेज: 'स्विस जिंकले. कधी येतेस?'

तीन मिनिटं. माझ्याकडे तीन मिनिटं जुनी बातमी होती आणि त्यांच्याकडे तीन मिनिटांची आशा. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "होणार, बघ." मी रिकामा ग्लास तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला. पलीकडे जल्लोष झालेला सगळ्यांनी ऐकला होता, पण जल्लोषाला देश नसतो. मग पडद्यावर आकडे आले, स्वित्झर्लंडचा नेमो ५९१, क्रोएशिया ५४७. तपासनिसाने युरो उचलला, मग ओशाळून त्याची मोहरी मागवली. नेमोच्या हातून बक्षिसाचा काचेचा माइक फुटला हे दुसऱ्या दिवशी कळलं. शेजारीणबाईंना मी तो मेसेज आजवर दाखवलेला नाही. त्या मराठी वाचत नाहीत हे एक बरं.

निघताना मी बारपाशी थांबले. वाद घालायचा नव्हता, पण तत्त्व म्हणून काही असतं. दारावरच्या कागदावर निळ्या खांद्यांचा माणूस होता, रात्री तो नव्हता. मालकाने शांतपणे ऐकलं, फोन काढला आणि हिशेब केला. साडेसतरा भागिले सव्वीस, सदुसष्ट सेंट. तेवढं परत देणं बरोबर आहे, म्हणाला. मग त्याला आठवलं की गाणं त्याने वाजवलं होतं. मी म्हटलं, रेकॉर्डिंग होतं, थेट नव्हतं. त्याने विचार केला. "मग निम्मं." साडेतेहतीस झाले, ते त्याने मोठ्या मनाने चौतीस केले. आणि म्हणाला, एवढ्याशा रकमेसाठी बँकेला कशाला त्रास, पुढच्या खेपेला वळते करू.

गुण द्यायचे तर बिटरबालनना आठ, पडद्याला पाच, जिन्याला दोन. खांद्यांच्या कल्पनेला नऊ आणि अंमलबजावणीला चार. वेळेच्या बाबतीत नापास.

ही पुढची भर नंतरची. २०२५ ला मी पुन्हा गेले, त्या वर्षी स्पर्धा स्वित्झर्लंडच्या बासेलहून. तिकीट एकोणीस झालं होतं, पडद्याला इस्त्री केली होती. हॉलंडच्या क्लोडचं गाणं गोड, अर्धं फ्रेंच, कपडे व्यवस्थित, पक्षी नाही. बाराव्या क्रमांकाला गायला आणि बाराव्या क्रमांकावर आला. कॅफे समाधानाने घरी गेला. प्रक्षेपण एकदाही थांबलं नाही, आम्ही युरोपच्या बरोबरीने सगळं पाहिलं आणि मला काही तक्रार सापडली नाही. आठवतही फारसं नाही. चौतीस सेंटांचा विषय दोघांनीही काढला नाही.

आणि २०२६ ला व्हिएन्नाला हॉलंड नाही. इस्रायल असताना आपण भाग घेणार नाही असं आव्ह्रोट्रोसने डिसेंबरमध्ये जाहीर केलं. परवा पार्सल आणायला गेले तेव्हा मालक तळघर आवरत होता. खोक्यात निळे खांदे, सगळे डावे. मधल्या रांगेतल्या बाकी सगळ्यांनी त्या रात्री उजवे घरी नेले असणार. एक युरोला एक, म्हणाला. मुलीला सायकलच्या टोपलीत बसवताना पाठीशी लावायला बरे पडतील म्हणून मी दोन घेतले आणि सहज म्हटलं, ते चौतीस सेंट. त्याने मान हलवली, वहीत बघितलं. वहीत होतं.

घरी पोहोचायच्या आत टिक्की आली. एक युरो सहासष्ट.